साडेचार फेरे

पद्मिनी, अठ्ठ्याहत्तरचं मॉडेल. रंग मुळात दुधाळ,
आता वरुडच्या धुळीत कोणताही म्हणा.
ढोमणे सिस्टर स्वतः चालवत घेऊन आल्या,
काचा खाली,
उजवा हात ओटीत ठेवलेला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

"चिकनगुनियानं मनगट नेलं रे मुनाफ.
स्टेअरिंग जमते. गिअर डाव्या हाताचा, थो ऐकते.
थे काचेचं हँडल तेवढं फिरत नाई.
गुरुवारी पाऊस आला,
मी आपली बेनोड्यापासून अंघोळ करतच घरी."

नागपूरहून डबा मागवला.
दोन मोटरी, दोन रिले, बटणं, आणि एक कागद,
त्यावरच्या चित्रातलं दार आतून रिकामं, सरळ, गुणी.
आमचं तसं नव्हतं.
हँडलची पिन काढायलाच अर्धा तास गेला.
पॅडच्या क्लिपा पापडासारख्या मोडल्या.
लोक म्हणतात, जुन्या दारात काहीबाही सापडतं.
मला सापडली एक वाळलेली गांधीलमाशी
आणि काळं ग्रीस, घट्ट, चिंचेच्या गोळ्यासारखं.

सिस्टर टायरवर बसून चहा पीत होत्या.
मी खांबात वायरीसाठी भोक पाडत होतो
(पत्रा त्या काळचा, ड्रिल रडतं)
आणि त्या बोलत होत्या, माझ्याशी की दाराशी कोण जाणे.

"साडेचार फेरे लागत काच वर जायले.
बाळंतपण उरकलं, बॅग टाकली, बसली गाडीत,
तरी घरचे लोक दाराशी उभेच.
पहिल्या फेऱ्याले म्हणत, या सिस्टर.
दुसऱ्याले म्हणत, संत्री ठेवली मागं, पाहाल.
खरं काय थे तिसऱ्या फेऱ्याले निंघे.
बाई दूध पाजत नाई. नवरा मारते.
आधीची एक गेली, तुमाले सांगतलं नोतं.
मंग मी उलटं फिरवो, दोन फेरे, खाली."

संध्याकाळी मोटर बसली.
बटण डाव्या हाताला, डॅशबोर्डखाली.
"बाहीर उभा राय," त्या म्हणाल्या, "अन् बोल काई."
मी म्हटलं, सिस्टर, बिलाचं असं आहे की...
झप्.
चार सेकंद. काचेत माझंच तोंड, उघडं.
आत त्या हसत होत्या,
मग हसणं थांबलं, आणि त्यांनी काच परत खाली घेतली,
परत वर,
परत खाली.
"चांगली हाये," म्हणाल्या. "लय चांगली हाये."

त्या रात्री शटर अर्धं ओढून
मी त्यांच्या दाराचा रिले काढला.
मोटरीला करंट दिला जुन्या बारीक वायरीतून, लांबून फिरवून.
उस्तादांनी हे पाहिलं असतं तर कानाखाली काढली असती.
फ्यूज टाकला, तेवढा काही मी येडा नाही.
मोटर कण्हू लागली. काच चढू लागली
पायरी पायरीनं, गुडघे दुखणाऱ्या माणसागत.
मोजले. अकरा सेकंद.

सकाळी त्यांनी बटण दाबलं आणि माझ्याकडे पाहिलं.
"बॅटरी म्हातारी हाये," मी म्हटलं.
"हो का," त्या म्हणाल्या.
पैसे मोजून दिले, डाव्या हातानं, हळू.
हँडल परत मागितलं नाही. ते माझ्या ड्रॉवरमध्ये आहे,
दहा-बाराच्या पान्यांशेजारी.

गाडी सुरू झाली. काच निघाली वर.
मी म्हटलं, या सिस्टर.
काच छातीशी आली.
मी म्हटलं, सर्व्हिसिंगला दिवाळीनंतर आणा.
काच हनुवटीशी आली.
आणि माझ्या तोंडून गेलं,
आमच्या तरन्नुमला सातवा चालू आहे,
पायावर सूज येते, डोकं दुखतं म्हणते,
घरी म्हणतात असतंच असं.

मोटरीचं कण्हणं थांबलं.
मग उलटं सुरू झालं.

"किती दिवसापासून?"